व्हॅनिलाचें बेट

हल्लीं आपल्याकडील बहुतेक घरांच्या फडताळांत वेलदोडे, जायफळ आणि केशर यांच्या शेजारीं आणखी एक परदेशी पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे व्हॅनिलाचा अर्क. नातवंडांच्या वाढदिवसाचा केक असो वा उन्हाळ्यांतील आइस्क्रीम असो, त्याच्या चार थेंबांवांचून घरांतील सुनांचें व मुलींचें चालत नाहीं. परंतु हा सुगंध मूळचा कोणत्या देशांतला, तो फुलाचा कीं फळाचा, आणि तो फळांत उतरावा म्हणून माणसाला काय काय करावें लागतें, असें विचारलें तर चांगलीं शिकलेलीं माणसेंहि घोटाळ्यांत पडतात. गेल्या वर्षीं कार्तिकाच्या आरंभीं मला हिंदी महासागरांतील रेयूनियन नांवाचें बेट पाहण्याचा योग आला. व्हॅनिलाच्या लागवडीचा आजचा सगळा पसारा ज्या एका युक्तीवर उभा आहे, ती युक्ति या बेटांत सांपडली. तेथें जें पाहिलें व समजून घेतलें, तें वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहें.

प्रथम प्रवासाचें निमित्त सांगतों. सेवानिवृत्तीनंतर माझ्याकडे कांहीं मुलें संस्कृत शिकावयास येत असत. त्यांत मॉरिशसहून पुण्यास शिक्षणाकरितां आलेला एक मराठी विद्यार्थी होता. मॉरिशसांत मराठी लोकांची वस्ती एकोणिसाव्या शतकापासून आहे. उंसाच्या मळ्यांत राबण्यासाठीं ठराविक मुदतीच्या करारावर, म्हणजे गिरमिटावर, जे हजारों हिंदी मजूर तिकडे नेण्यांत आले, त्यांत कोकणांतील माणसेंहि होतीं. या मुलाचे पूर्वज त्यांपैकींच. शिक्षण संपवून परतल्यावर "गुरुजी, एकदां आमचें बेट पाहून जा," असा त्यानें आग्रह धरला, आणि मी गेलों. तेथून रेयूनियन अवघें पाऊण तासाच्या विमानप्रवासावर आहे. "सध्यां तिकडे व्हॅनिला फुलली असेल. आलांच आहांत, तर तेंहि पाहूं या," असें तो म्हणाला. दोन्ही बेटांच्या क्रिओल बोली सख्ख्या बहिणींसारख्या असल्यामुळें दुभाषा शोधावा लागला नाहीं; विद्यार्थीच दुभाषा झाला.

रेयूनियन हें फ्रान्सच्या अमलाखालील बेट. इ. स. १९४६ पासून तें फ्रान्सचा एक जिल्हाच मानलें जातें. त्याची लांबी सुमारें ६३ किलोमीटर आणि रुंदी सुमारें ४५ किलोमीटर. मध्यभागीं ३,०७० मीटर उंचीचें शिखर आहे आणि आग्नेयेस एक जागृत ज्वालामुखी आहे. ज्यानें सह्याद्रि पाहिला आहे, त्याला या बेटाचें हवापाणी निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. समुद्रावरून येणारे वारे डोंगराला अडतात आणि पूर्वेच्या अंगावर धो धो पाऊस पाडतात. पश्चिमेची बाजू त्या मानानें कोरडी राहते. एका बाजूस कोकण, दुसऱ्या बाजूस देश. फक्त दिशा उलट.

राजधानी सेंट डेनिस सोडून आम्ही समुद्राच्या कडेनें पूर्वेकडे निघालों. डाव्या हातास निळें पाणी, उजव्या हातास डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेला ऊंस. मधूनमधून तामिळ लोकांचीं देवळें लागतात. गोपुरावरील रंगीत मूर्ति पाहून आपण फ्रान्सच्या जिल्ह्यांत आहोंत कीं मदुरेच्या वाटेवर, असा क्षणभर भ्रम पडतो. हीं देवळेंहि गिरमिटाच्या मजुरांच्या वंशजांचींच. वीसएक किलोमीटरांवर सेंट सुझान हें गांव येतें. तेथून आम्ही एका ओलसर, गर्द झाडीच्या वाडींत शिरलों.

व्हॅनिला ही ऑर्किडच्या कुळांतील वेल आहे. आपल्याकडे घाटमाथ्यावर झाडांच्या खोडांवर जी 'सीतेची वेणी' फुलते, ती याच कुळांतली. या कुळाच्या पंचवीस हजारांहून अधिक जाति जगांत आहेत; परंतु फळासाठीं मोठी शेती केली जाते ती एकट्या व्हॅनिलाची. पानें जाड, रसाळ व तकतकीत. प्रत्येक पेराला एक पान आणि पानासमोर एक मूळ. त्या मुळांनीं वेल झाडाला मिठी मारून वर चढते. मात्र ती बांडगूळ नव्हे. झाडाचा रस ती शोषीत नाहीं. येथें तिला सुरूच्या झाडांवर आणि केतकीच्या कुळांतील वाकोआ नांवाच्या झाडांवर चढवितात. ऊब, दमट हवा, कुजलेल्या पानांचें भुसभुशीत अंथरूण आणि अर्धें ऊन, अर्धी सावली एवढें तिला पुरतें. पाणी सांचलें तर मात्र मूळ कुजतें आणि वेल हातची जाते.

लागवडीची रीत ऐकून मला आपल्याकडील पानमळ्याची आठवण झाली. नागवेलीप्रमाणें व्हॅनिलाहि कांडें लावून वाढवितात. निरोगी वेलीचा सुमारें एक मीटर लांबीचा तुकडा कापावयाचा, खालचीं दोनतीन पानें काढावयाचीं, आणि तो आठदहा दिवस सावलींत तसाच टांगून ठेवावयाचा. या अवधींत कापलेली जखम सुकते. ओली जखम मातींत पुरली तर तिच्यांतून रोग शिरतो. मग आधाराच्या झाडाशीं पानपाचोळ्यांत तो आडवा पुरून शेंडा झाडाला बांधावयाचा. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फूल येतें. वेल मोकळी सोडली तर ती दहा-पंधरा मीटर उंच जाईल. म्हणून हाताच्या उंचीवर आली कीं तिला फांदीवरून खालीं वळवितात. त्यामुळें फुलें माणसाच्या हातांत राहतात आणि वळविलेल्या वेलीला फूलहि अधिक येतें.

आतां मुख्य गोष्ट. व्हॅनिलाचें फूल पिवळट हिरवें, फिकट आणि अल्पायुषी असतें. तें पहांटे उमलतें आणि दुपार टळली कीं मिटूं लागतें. त्याच्या मधल्या खांबांत पराग आणि पराग स्वीकारणारी ओलसर खांच हीं दोन्हीं एकमेकांपासून अगदीं थोड्या अंतरावर असतात. परंतु दोहोंच्या मध्यें निसर्गानें एक पातळ पडदा ठेविला आहे. आपल्या लग्नांतील अंतरपाटच म्हणा ना! हा अंतरपाट दूर झाल्याखेरीज फळ धरत नाहीं, आणि तो आपोआप दूर होत नाहीं. मेक्सिको हा या वेलीचा मूळ देश. तेथें कांहीं रानमाशा हें काम करतात, तेंहि शंभर फुलांत एखाद्याच फुलाचें. इतर देशांत त्या माशाहि नाहींत.

वाडींत एक पन्नाशी उलटलेली बाई हें काम करीत होती. या कामाला तेथें 'लग्न लावणें' असेंच म्हणतात आणि तें करणाऱ्या स्त्रियांना 'लग्न लावणाऱ्या'. घरीं तुळशीच्या लग्नाची तयारी चालली असेल आणि मी येथें हजारों मैलांवर फुलांचीं लग्नें पाहत आहें, या विचारानें मला हंसूं आलें. बाईच्या हातांत टांचणीएवढी बांबूची काडी होती. डाव्या हातानें तिनें फूल धरलें, काडीनें त्याची ओठासारखी पाकळी बाजूस फाडली, त्याच काडीनें आंतील पडदा वर उचलला आणि अंगठ्यानें परागाचा गोळा खांचेवर हलकेंच दाबला. हें सांगण्यास जेवढा वेळ लागला, त्याच्या दशांशहि वेळ तिला लागला नाहीं. सराईत बाई एका सकाळींत हजार ते दीड हजार फुलें उरकते. एका घोंसांत पंधरा-वीस फुलें येतात. त्यांपैकीं आठ-दहांचेंच लग्न लावावयाचें, नाहीं तर वेलीला भार सोसत नाहीं. लग्न लागलेलें फूल सुकूनहि शेंगेच्या टोंकाला चिकटून राहतें. न लागलेलें दुसऱ्या दिवशीं गळतें. हें काम कोणाकडून शिकलांत, असें मीं विचारविलें. "आईकडून, आईला तिच्या आईनें शिकविलें," असें ती मान वर न करतां म्हणाली.

पण त्या आईच्या आईला कोणीं शिकविलें? ही गोष्ट फार ऐकण्यासारखी आहे. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याकडील तोतोनाक लोक फार प्राचीन काळापासून व्हॅनिला ओळखत. अझ्टेक राजांच्या दरबारीं कोकोच्या पेयांत ती घालीत. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो देश जिंकला आणि शेंगा युरोपांत नेल्या. 'व्हॅनिला' या शब्दाचा मूळचा अर्थ स्पॅनिश भाषेंत 'लहान शेंग' एवढाच. पुढें वेलीहि नेल्या गेल्या. त्या युरोपांतील कांचघरांत वाढल्या, क्वचित् फुलल्या, पण फळल्या नाहींत. जवळजवळ तीनशें वर्षें व्हॅनिलाचा व्यापार एकट्या मेक्सिकोच्या हातीं राहिला.

इ. स. १८३६ मध्यें बेल्जममधील लीएज येथें मोरेन नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें कांचघरांतील फुलांवर स्वतःच्या हातानें पराग ठेवून शेंगा धरविल्या. फूल वांझ नाहीं, हें त्यावरून सिद्ध झालें. परंतु विद्वानाचा प्रयोग हा प्रयोगच राहिला. मळ्यांत रोज हजारों फुलांवर करतां येईल अशी सोपी रीत त्यांतून निघाली नाहीं.

रेयूनियनला त्या काळीं फ्रान्सच्या राजघराण्यावरून बूर्बों म्हणत. इ. स. १८२२ मध्यें पॅरिसच्या बागेंतून व्हॅनिलाचीं कांडें या बेटांत आलीं. तीं रुजलीं, वाढलीं, पण फळ कोठेंच नाहीं. सेंट सुझान येथील बेलिये-बोमों नांवाच्या मळेवाल्याजवळ एक वेल सुमारें वीस वर्षें तशीच निष्फळ उभी होती. त्याच्या घरीं एडमंड नांवाचा एक गुलाम मुलगा होता. इ. स. १८२९ मध्यें याच गांवीं तो जन्मला. जन्मतांच आई वारली. गुलामाला आडनांव नसे, तसें त्यालाहि नव्हतें. अक्षरओळख नव्हती. पण धन्याला झाडांचा नाद असल्यामुळें मुलगा त्याच्या मागें बागेंत हिंडे आणि झाडांचीं नांवें तोंडपाठ करी. वेलभाज्यांना नरफूल निराळें व मादीफूल निराळें असतें, आणि नरफुलाचा पराग हातानें मादीफुलावर लावला कीं फळ हमखास धरतें, ही गोष्ट धन्यानें त्याला दाखविली होती. भोपळ्याच्या बाबतींत आपल्याकडील बायकाहि ही युक्ति करतात.

इ. स. १८४१ मधील एके सकाळीं धनी बागेंत फिरत असतां त्या वीस वर्षांच्या वेलीवर त्याला दोन शेंगा दिसल्या. त्या आपण धरविल्या, असें बारा वर्षांचा एडमंड म्हणाला. धन्याचा विश्वास बसेना. कांहीं दिवसांनीं आणखी एक शेंग दिसली, तेव्हां करून दाखव, असें त्यानें फर्माविलें. मुलानें फूल हातांत घेतलें, काडीनें पडदा उचलला आणि अंगठा दाबला. वर जी क्रिया मीं वर्णिली ती हीच; आज दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी तींत फरक करण्यासारखें कांहीं कोणास सुचलें नाहीं. मग आसपासचे मळेवाले एडमंडला बोलावूं लागले, आणि गाडींत बसून तो मळ्यामळ्यांतून इतर गुलामांना ती शिकवीत हिंडला. बारा वर्षांचा शिक्षक आणि प्रौढ विद्यार्थी!

परिणाम काय झाला तें पाहा. इ. स. १८४८ मध्यें या बेटांतून सुमारें ५० किलो व्हॅनिला बाहेर गेली, इ. स. १८९८ मध्यें सुमारें २०० टन. येथूनच ही विद्या मादागास्कर बेटांत गेली, आणि आज जगांतील बहुतांश व्हॅनिला तेथें पिकते. तिलाहि या बेटाच्या जुन्या नांवावरून 'बूर्बों व्हॅनिला'च म्हणतात.

लग्न लागलें म्हणजे सगळें झालें असें मात्र नाहीं. शेंग पिकावयास आठ-नऊ महिने लागतात, आणि उतरविलेल्या हिरव्या शेंगेला वास म्हणून नसतो. आपण जशा कैऱ्या आढींत घालतों, तशी हिचीहि आढी असते. फक्त ती फार लांबते. शेंगा सुमारें ६५ अंश उष्णतेच्या पाण्यांत तीन मिनिटें बुडवितात, लगेच घोंगड्यांत गुंडाळून एक-दोन दिवस 'घाम' आणवितात, मग रोज थोडें ऊन, मग कित्येक आठवडे सावली, आणि शेवटीं कित्येक महिने बंद पेटी. पाण्याच्या कढाची रीत याच बेटांतील सेंट आंद्रे गांवच्या लूपी व द फ्लोरिस यांनीं बसविली. हिरव्या शेंगेंत सुगंधी द्रव्य साखरेशीं जखडलेलें असतें. उष्णतेनें व घामानें तो बंध तुटतो आणि गंध मोकळा होतो. पांच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो काळी, तेलकट, मऊ व्हॅनिला उरते.

एवढ्या खटपटीचा माल महाग असणारच. गोब्ले नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें इ. स. १८५८ मध्यें शेंगेंतील मुख्य गंधद्रव्य वेगळें काढलें. त्याला व्हॅनिलिन म्हणतात. इ. स. १८७४ मध्यें टीमान व हारमान या जर्मन शास्त्रज्ञांनीं तें देवदाराच्या जातीच्या झाडांतील द्रव्यापासून तयार केलें. पुढें लवंगेच्या तेलापासून, कागदाच्या गिरण्यांतील लाकडाच्या अवशेषांपासून आणि आतां मुख्यत्वें खनिज तेलांतून निघणाऱ्या द्रव्यांपासून तें होतें. स्वस्त अर्काच्या बाटलींत बहुधा हेंच असतें. तें विष नव्हे, फसवणूकहि नव्हे. पण खऱ्या शेंगेंत त्याच्या जोडीला इतर पुष्कळ गंधद्रव्यें असतात, तीं त्या बाटलींत नसतात. खऱ्या मालाचे भाव मात्र लहरी. इ. स. २००० मध्यें मादागास्करला मोठें वादळ झालें आणि पुढील तीन-चार वर्षें भाव गगनाला भिडले. तेव्हां केरळ व कर्नाटकांतील अनेक शेतकऱ्यांनीं व्हॅनिला लाविली, पण इ. स. २००५ च्या सुमारास भाव कोसळले आणि पुष्कळांनीं वेली उपटून टाकल्या. कोकणांतील ज्या वाडीवाल्यांना ही लागवड करून पाहण्याची इच्छा असेल, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शेंगेंत मोहरीहून बारीक असें हजारों काळें बीं असतें; परंतु त्यांत अंकुराची शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच तें रुजतें. म्हणून मळेवाले बीं पेरीत नाहींत. कांड्याचें कांडें लावीत जातात. फळासाठीं लग्न लावावयाचें आणि वंश मात्र कांड्यानें वाढवावयाचा, असा हा विलक्षण संसार आहे. शास्त्रज्ञांनीं अलीकडे वेलींची वंशपरीक्षा केली, तेव्हां या टापूंतील जवळजवळ सगळी व्हॅनिला मूळच्या एकाच वेलीचीं कांडें आहेत, असें दिसून आलें. म्हणजे हजारों मळ्यांत पसरलेलें तें एकच शरीर. मूळ कुजविणारा बुरशीचा रोग एका वेलीला झाला, तर इतरांच्याहि अंगांत त्याला तोंड देण्याचें निराळें बळ नाहीं. याच बेटावरील सेंट पिएर येथें संशोधकांनीं निरनिराळ्या जातींच्या वेलींचा संग्रह राखला आहे, तो या भीतीमुळें.

आतां एडमंडचें काय झालें तें सांगतों. ता. २० डिसेंबर १८४८ रोजीं या बेटांतील गुलामगिरी उठली आणि ६०,००० हून अधिक माणसें मोकळीं झालीं. त्या वेळीं त्याला आल्बियस हें आडनांव मिळालें. लॅटिन भाषेंतील 'पांढरा' या अर्थाच्या शब्दावरून तें बनविलें असें मानतात. काळ्या मुलाला पांढरें नांव! तो शहरांत नोकरीस गेला, तेथें दागिन्यांच्या चोरीच्या प्रकरणीं त्याला सक्तमजुरीची शिक्षा झाली. जुन्या धन्यानें रदबदली केल्यामुळें मुदतीपूर्वीं सुटून तो गांवीं परतला. बेटाला त्याच्या युक्तीनें संपत्ति आणिली, पण सरकारनें त्याला वेतन दिलें नाहीं. इ. स. १८८० मध्यें सेंट सुझानच्या इस्पितळांत दारिद्र्यांतच त्याचा अंत झाला.

मध्यंतरीं त्याचें नांवहि जावयाची वेळ आली होती. ही रीत आपणच बेटांत शिकविली, असें राजधानींतील बागेचा प्रमुख, रिशार नांवाचा प्रतिष्ठित वनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणूं लागला. एका बाजूस पदवी व मान, दुसऱ्या बाजूस निरक्षर आणि त्यांतून शिक्षा भोगलेला माणूस. जगाचा कौल कोणीकडे पडेल हें सांगावयास नकोच. परंतु बेलिये-बोमोंनें पत्र लिहून घडलेली हकीकत स्पष्ट सांगितली आणि शोध एडमंडचाच, असें आग्रहानें नोंदविलें. ज्या माणसानें दुसऱ्या माणसाला मालमत्ता म्हणून बाळगलें, त्याची स्तुति करण्याचें माझ्या मनांत नाहीं. पण पत्रापुरतें बोलावयाचें, तर त्यानें गुरूचा धर्म पाळला. आज गांवांत एडमंडचें स्मारक आहे, तें त्या पत्राच्या बळावर.

स्मारकापाशीं माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, "गुरुजी, आमचे पूर्वज जहाजांतून उतरले तेव्हां त्यांच्याहि नांवापुढें क्रमांक घातला गेला. पुढें त्यांचें पाळण्यांतलें नांवच आमचें आडनांव होऊन बसलें. मूळचें आडनांव काय, गांव कोणतें, हें आमच्या घरांत आतां कोणासहि ठाऊक नाहीं." यावर त्याला काय सांगावें तें मला सुचलें नाहीं.

आपणां पुस्तकी विद्येच्या लोकांची एक समजूत असते, कीं ज्ञान हें ग्रंथांतून निघून हातांत उतरतें. कित्येकदां तें हातांत आधीं असतें आणि ग्रंथांत मागाहून येतें. येतांना वाटेंत करणाऱ्याचें नांव मात्र गळून पडतें. आपल्या वाडींत आंब्याचीं कलमें बांधणारा, पानमळ्यांतील रोग नुसत्या वासावरून ओळखणारा, विहिरीचें पाणी कोठें लागेल तें सांगणारा असा कोणीतरी घरोघर असतोच. मोठ्या कुटुंबांत जमाखर्चाच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांतील एका पानावर अशा माणसाचें नांव, गांव आणि त्याची युक्ति हीं त्याच्याच तोंडून विचारून, तो हयात आहे तोंवर, घरांतील मुलांकडून लिहवून ठेवावीं. बेलिये-बोमोंनें एका पत्रानें जें केलें, तें करावयास आपल्याला फार तर अर्धी घटका लागेल.